काळी कार्डं, पिवळे कोपरे

आठवड्याला पंधरा तास. सोमवार ते शुक्रवार, दुपारी साडेतीन ते संध्याकाळी साडेसहा. भेटकार्डांच्या त्या सगळ्या उपद्व्यापातून अवनीला एवढाच नफा काढायचा होता, आणि तो आपण कोणाला कळू दिलेला नाही अशी तिची समजूत होती.

अवनी नाशिकची. लग्नानंतर चेन्नईत आली, अंबत्तूरला चार मजल्यांच्या, सोळा घरांच्या इमारतीत राहिली, आणि इतकी वर्षं घरूनच कंपनीचं काम करत आली. आता कंपनीने फर्मान काढलं होतं: दोन फेब्रुवारीपासून रोज गिंडीच्या ऑफिसात हजेरी. सात वर्षांची अनन्या साडेतीनला शाळेच्या बसमधून उतरणार, आई साडेसहाला घरी पोचणार. मधले तीन तास कोणाच्या तरी पदरात घालायला हवे होते. नवरा अनिकेत गाड्यांच्या कारखान्यात. त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे तो हिशेबात धरण्याजोगा माणूस नव्हता. पाळणाघर एक पाहून झालं. तिथे अनन्या पहिल्याच दिवशी जिन्यात बसून राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "मी इथली नाहीये" असं सांगत राहिली. आता नाही जमलं तर नोकरी सोडणे, एवढंच उरलं होतं.

उत्तर समोरच्याच दारात राहत होतं. रत्नप्रभाबाई, वय चौसष्ट, मुलींच्या शाळेतून शिवणकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त. घर लख्ख, जेवणाचं टेबल एवढं मोठं की त्यावर साडी कापता येईल, मुलांना शिस्त लावण्याची हौस अजून अंगात. शिवाय मराठी. तंजावरचं मराठी, म्हणजे शब्द पणजोबांच्या काळातले आणि चाल तमिळची, पण मराठीच. अवनीला त्यातलं पाऊण कळायचं आणि उरलेल्या पावाला ती हसून मान डोलवायची.

अडचण एकच. बाईंना असलं काही थेट विचारायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या हरिप्रियाने विचारलं होतं, महिन्याचा मोबदलाही सांगितला होता. तिला कॉफी मिळाली, चकलीसारखा मुरुक्कू मिळाला, आणि त्या दिवसापासून जिन्यात साधं "काय गे" सुद्धा मिळालं नाही. तेव्हा मागायचं नाही, सवय लावायची, असं अवनीने ठरवलं. मूल घरात येत राहिलं की खुर्चीसारखं होतं. हलवायचं कोणाच्या मनात येत नाही.

म्हणून भेटकार्डं. पोंगल आणि संक्रांत दोन्ही तोंडावर. मुलांनी हाताने कार्डं करावीत, इमारतीतल्या प्रत्येक घरी एक द्यावं, दोन रविवार बसावं, आणि बसावं अर्थातच रत्नप्रभाबाईंच्या मोठ्या टेबलाशी.

"काकू, आमचं टेबल अगदीच लहान आहे हो," अवनी म्हणाली.

"येवा की," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "टेबल काय, रिकामंच पडलं आहे."

इतक्या पटकन! अवनीला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. सौदा इतक्या झटपट जुळला की समोरच्याचाही काही फायदा असतो, हे तिला आठवायला हवं होतं.

पहिला रविवार दृष्ट लागण्यासारखा गेला. मुलं तीन. अनन्या, तळमजल्यावरच्या अलमेलूमामींची नात श्रीनिधी, वय आठ, अक्षर सुंदर, आणि चौथ्या मजल्यावरचा कोल्हापूरचा उदयसिंह, वय पाच, ज्याला स्वतःचं नाव एका ओळीत बसवता यायचं नाही. रत्नप्रभाबाईंनी पहिला तास नुसत्या घड्या घालून घेतल्या.

"कोपऱ्यास कोपरा लाव. हं. आता नखाने दाब. ही घडी आहे की समोसा, रे?"

उदयसिंहाने आपल्या घडीकडे नीट बघून "समोसा" असं प्रामाणिक उत्तर दिलं.

या सगळ्यात हॉलच्या खिडकीशी आरामखुर्चीत एक गृहस्थ झोपलेले होते. ते रत्नप्रभाबाईंचे यजमान, अनंतराव. इमारतीतली पोरं त्यांना ताता म्हणत, तमिळमधले आजोबा. अनंतरावांनी चौतीस वर्षं टपाल खात्यात पत्रं निवडण्याचं काम केलं होतं. तिथे पोंगलच्या आधीचे पंधरा दिवस भेटकार्डांची पोतीच्या पोती यायची, आणि त्या चौतीस जानेवारींनी त्यांच्या मनातून भेटकार्ड या वस्तूबद्दलचा जिव्हाळा पार निपटून काढला होता. निवृत्तीनंतर त्यांनी एकच गोष्ट मनापासून केली. दुपारी दोन ते पाच झोप. त्याचा परिणाम असा, की रात्री ते टक्क जागे असत आणि रेडिओवरच्या बातम्या बायकोला सांगत बसत.

"ताता, हे बघा," असं अनन्या म्हणाली की खुर्चीतून "हूं" यायचं. मुलांना ते पुरेसं होतं.

दुसऱ्या रविवारी अवनीने चाचणी घ्यायची ठरवलं. आपण नसताना पोर तिथे दोन तास टिकते का, ते बघायचं. दुपारी अडीचला ती सामान घेऊन समोर गेली तेव्हा कळलं, की रत्नप्रभाबाई तिरुवल्लिकेणीला आपल्या मावशीकडे, सकवारबाईंकडे गेल्या आहेत, पाचपर्यंत येतील. क्षणभर तिचा पाय अडखळला. पण अनंतराव खुर्चीत होते, डोळे जवळजवळ उघडे होते.

"काका, मला एक महत्त्वाचा फोन आहे. मुलं बसू देत ना इथे? तुम्ही आहात ना?"

"हूं," अनंतराव म्हणाले.

रविवारी कसला महत्त्वाचा फोन, हे विचारण्याइतकं जागं कोणी नव्हतं. अवनीने टेबलावर सामान मांडलं आणि सटकली. पांढऱ्या शाईची पेनं, डिंक, आईने नाशिकहून धाडलेला अर्धा किलो काटेरी हलवा. आणि सोळा कार्डांपुरता जाड, सुरेख, काळाभोर कागद.

आता यात अवनीची चूक म्हणावी तर तिच्या आईची, आजीची आणि अख्ख्या नाशिकची चूक म्हणावी लागेल. संक्रांत म्हटली की काळं. काळी साडी, काळं झबलं, आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने. अनन्याचा बोरन्हाणाचा फोटो घरात भिंतीवर होता: काळा फ्रॉक, गळ्यात हलव्याचा हार, तोंडात त्याच हाराचा एक मणी. वर्षभर न चालणारा रंग त्या एका दिवशी शुभ होतो, यात अवनीला शंका घेण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

शंका घेतली ती श्रीनिधीने. मुलांचं आपसात इंग्रजीत चालायचं, मधे मधे तमिळ. "आमच्याकडे सणाला काळं चालत नाही."

"आमच्याकडे काळंच लागतं," अनन्या म्हणाली.

"पाटी म्हणेल वाईट असतं." पाटी म्हणजे तिची आजी, अलमेलूमामी.

वाद वरच्या कोर्टात गेला. अनन्या खुर्चीपाशी उभी राहिली. "ताता, काळी कार्डं चालतात ना?"

"हूं," ताता म्हणाले.

निकाल लागला. श्रीनिधीनेही मग पांढरं पेन काळ्यावर ओढून पाहिलं, आणि ती रेघ इतकी झगमगली की पाटी, परंपरा वगैरे गोष्टी तिच्या डोक्यातून गेल्या.

मुलांनी काम वाटून घेतलं. अनन्याने प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाचा चेहरा काढायचा, श्रीनिधीने खाली तमिळमध्ये नाव आणि 'हॅपी पोंगल' लिहायचं, उदयसिंहाने हलवा चिकटवायचा. हलवा कुठे चिकटवायचा? फोटोत आहे तिथे. गळ्यात. प्रत्येकाच्या गळ्यात पांढऱ्या मण्यांचा हार. पहिल्या कार्डावरच्या हारात एकवीस मणी होते, सोळाव्यावरच्या हारात सहा. मधले कुठे गेले ते उदयसिंहाच्या हनुवटीवरून समजत होतं.

साडेचारला अवनीने दारातून डोकावून पाहिलं. तिघं जण माना खाली घालून कामात, खोलीत घोरण्याशिवाय आवाज नाही. चाचणी उत्तीर्ण! ती तशीच मागच्या मागे फिरली. कार्डं बघायला आत गेली असती तर... पण तिने मूल तपासलं, कागद तपासले नाहीत.

पाचला मुलांनी सोळाच्या सोळा कार्डं दारांच्या फटींतून आत सरकवली.

सव्वापाचला रत्नप्रभाबाई परतल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोंगलसाठी घेतलेली हळदीची दोन ताजी झाडं, पाना-कंदांसकट. लिफ्टमधून बाहेर पडतात तो त्यांच्या दारात अलमेलूमामी उभ्या. मामींनी एक काळं कार्ड दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरलं होतं.

कार्डावर मामींचे यजमान रामस्वामी होते. वय एकोणऐंशी, हृदयाची शस्त्रक्रिया होऊन दहाच दिवसांपूर्वी इस्पितळातून घरी आलेले. काळ्या पार्श्वभूमीवर त्यांचा हसरा चेहरा, गळ्यात पांढरा हार, खाली वळणदार अक्षरात नाव. या शहरात असं चित्र चौकातल्या भिंतींवर लागतं, आणि ज्याचं लागतं तो ते पाहायला उरलेला नसतो.

आवाज ऐकून अवनी बाहेर आली. अलमेलूमामी तमिळमध्ये बोलू लागल्या. अवनीचं तमिळ भाजी आणि रिक्षापुरतं. तिला त्या वेगात फक्त 'काळा' हा शब्द सापडला, तोही सात वेळा. मामी सलग दोन मिनिटं बोलल्या. मग रत्नप्रभाबाईंनी अवनीकडे वळून भाषांतर केलं.

"त्यांस थोडं वाईट वाटलं आहे."

"एवढंच?"

"बाकीचं तू ऐकून काय करणार?"

"पण काकू, काळा तर संक्रांतीला शुभ असतो ना! तुम्हीच सांगा त्यांना. आपल्यात..."

"आपल्यात म्हणजे तुमच्यात, गे." रत्नप्रभाबाईंचा आवाज बारीक झाला. "आम्हांस एथे येऊन तीनशे वर्षं जाहली. आमच्या घरीही सणास काळं चालत नाही. मी लग्न होऊन आल्ये तेव्हा पेटीत काळ्या काठाची एक साडी होती, ती सासूबाईंनी परस्पर देऊन टाकली."

समोरच्या दाराशी असलेल्या ज्या नात्यावर अवनीने पंधरा तासांचा इमला उभा केला होता, ते नातं बरोबर याच एका रंगापाशी संपत होतं.

मामींनी कार्ड उंबऱ्यावर ठेवलं आणि जाता जाता एक वाक्य टाकलं. त्याचं भाषांतर न करताच रत्नप्रभाबाई आत गेल्या आणि दार लागलं. अवनीने नंतर श्रीनिधीला विचारलं. "पाटी म्हणाली, तीस वर्षं मी हिला शहाणी समजत होते."

सोमवारी सकाळी जिन्याखाली वॉचमनची निळी बादली भरली होती. बुधवारी भोगी. त्या पहाटे इकडे जुनं-पुराणं, नको असलेलं जाळतात, आणि इमारतीचं जळण त्या बादलीत जमतं. तीत फाटकी पायपुसणी, एक मोडका झाडू, आणि दहा काळी कार्डं. अकरावं अलमेलूमामींचं, ते रत्नप्रभाबाईंच्या टेबलावर. दोन घरं बंद होती, ती परगावी गेलेली. अनन्या आणि ताता यांची आपापली दोन. फक्त उदयसिंहाच्या आईने त्यांचं कार्ड फ्रिजवर लावलं, कारण कोल्हापूरलाही संक्रांत काळीच असते.

अवनीने मनातल्या मनात पंधरा तासांवर काट मारली आणि पुन्हा पाळणाघरांची यादी उघडली. दोन फेब्रुवारीला तीन आठवडे उरले होते.

अनन्याने मात्र काट वगैरे काही मारली नाही. साडेतीनला बसमधून उतरल्यावर तिने बादलीतली दहाही कार्डं काढून घेतली आणि थेट समोरच्या दाराची बेल दाबली. मागे श्रीनिधी आणि उदयसिंह. दार रत्नप्रभाबाईंनी उघडलं. अनन्या त्यांच्या काखेखालून आत शिरली आणि आरामखुर्चीसमोर उभी राहिली.

"ताता, उठा."

"हूं."

"हूं नाही! कालपण तुम्ही हूं म्हणालात. मी विचारलं, काळी चालतात का, तुम्ही हूं म्हणालात. आता आमची कार्डं जाळणारेत."

अनंतरावांनी एक डोळा उघडला. "मी? मी कधी म्हणालो?"

"म्हणाले," उदयसिंहाने साक्ष दिली. "घोरत होते. मग म्हणाले. मग परत घोरले."

रत्नप्रभाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. रविवारपासून त्यांना एकच कोडं होतं, की घरात एक जाणतं माणूस असताना हे झालं कसं. आता उलगडलं. त्यांनी यजमानांकडे नुसतं पाहिलं. ज्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली आहेत त्यांना ठाऊक असेल, की यापेक्षा वाईट काही नसतं.

अनंतराव खुर्चीत सरळ बसले. त्यांनी एक कार्ड घेतलं, पालथं केलं, सुलटं केलं, चष्मा लावून पुन्हा बघितलं. चौतीस वर्षांचे हात होते ते. कागद हातात आला की जागे व्हायचे.

"रत्ना, ती हळद कोठे आहे? तू काल आणलेली?"

"पोंगलच्या भांड्यास बांधायला आणली आहे."

"एक झाड भांड्यास पुरे. दुसरं किसून आण." मग मुलांकडे बघून ते म्हणाले, "आमच्या ऑफिसात दोन प्रकारची पत्रं यायची. काळी कड असलेलं पत्र म्हणजे कोणी गेल्याचं, ते वेगळं काढायचं, ते आधी जायचं. आणि चार कोपऱ्यांस हळद लावलेलं आलं, की आम्ही न उघडता सांगायचो, लग्न. मग ते पाकीट लाल असो, निळं असो. हळद लागली की शुभ. त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. अलमेलूमामींचंसुद्धा."

"पण हार?" श्रीनिधी म्हणाली. "पाटी हारालाच जास्त घाबरली."

अनंतरावांनी टेबलावरचं रामस्वामींचं कार्ड उचललं. "हार वाईट नाही. माणूस एकटा आहे, हे वाईट. एकट्याच्या गळ्यात हार म्हणजे तसबीर. शेजारी आणखी एक माणूस काढ, तिच्याही गळ्यात हार घाल. मग काय झालं?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. रत्नप्रभाबाई किसणीवर हळद किसता किसता म्हणाल्या, "लग्न."

मग त्या टेबलाशी जे काही झालं ते दोन दिवस, रोज साडेतीन ते साडेसहा चाललं. प्रत्येक कर्त्या पुरुषाशेजारी त्याची बायको आली. हलवा उदयसिंहाच्या पोटात गेलेला असल्यामुळे बायकांचे हार साबुदाण्याचे झाले. काळ्या कागदावर ते हलव्याहून देखणे दिसले आणि उदयसिंहाला कच्चा साबुदाणा आवडला नाही, हा आणखी एक फायदा. चौथ्या मजल्यावर एक तरुण इंजिनिअर एकटाच राहायचा. त्याचं काय करायचं?

"त्याची मोटरसायकल काढ," अनंतराव म्हणाले. "तिला हार घाल. आयुधपूजेस घालतोच की."

रत्नप्रभाबाई घडीवर आणि डिंकावर देखरेख करत होत्या. अनंतराव कोपऱ्यांना हळद लावत होते, अंगठ्याने, प्रत्येक कोपऱ्याला एक ठसा, ठसे एकसारखे. वाळल्यावर ते काळ्यावर सोन्यासारखे चकाकले. सोमवारी ते परत झोपले नाहीत. मंगळवारी तीनलाच उठून बसले आणि "पोरं आली नाहीत अजून?" असं दोनदा विचारलं. सोमवारी रात्री रेडिओ लागला नव्हता, ही नोंद घरातल्या एकाच व्यक्तीने केली आणि ती स्वतःपाशी ठेवली.

अवनी या दोन्ही दिवशी समोरच्या दाराकडे फिरकली नाही. लाजेने तर खरंच, पण आता आपण काही मागायच्या लायकीचे राहिलो नाही असंही तिला वाटत होतं. अनन्या हळदीचे हात घेऊन घरी यायची आणि पिवळे ठसे लॅपटॉपवर उमटायचे.

मंगळवारी संध्याकाळी वाटप. या वेळी फटीतून नाही. अनंतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, अकरा कार्डं हातात मजल्यांप्रमाणे लावून घेतली, आणि मुलांना म्हणाले, "बेल वाजवायची. हातात द्यायचं. उघडेपर्यंत थांबायचं."

हे शेवटचं त्यांनी मुलांसाठी सांगितलं असं मुलांना वाटलं. अनंतरावांनी आयुष्यात काही लाख पत्रं निवडली असतील. एकाही माणसाला पत्र उघडताना बघितलेलं नव्हतं. ते काम पोस्टमनचं.

इंजिनिअर मोटरसायकल बघून इतका हसला की त्याने खाली जाऊन खऱ्या मोटरसायकलच्या डोळ्यासमोर कार्ड धरलं. हरिप्रियाने आपली कंबर एवढी बारीक कधी होती ते आठवून पाहिलं आणि कार्ड कपाटात ठेवलं. सर्वांत शेवटी तळमजला.

दार अलमेलूमामींनी उघडलं. काळा रंग पाहून त्या अर्धं पाऊल मागे सरकल्या. मग चार कोपऱ्यांतली हळद दिसली. पाऊल थांबलं. मग त्यांनी चष्मा शोधला, आणि कार्डावर रामस्वामींच्या शेजारी स्वतःला पाहिलं. नऊवारीत, नाकात दोन्हीकडे चमकी, गळ्यात हार.

"माझं नाक एवढं मोठं आहे का?" मामींनी नातीला विचारलं.

"मी नाही काढलं, अनन्याने काढलं," श्रीनिधी घाईघाईने म्हणाली.

आतून काठी टेकत रामस्वामी आले. "ते माझं पत्र आहे ना? रविवारपासून मागतोय, कोणी दाखवतच नाही." त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि प्रथम बघितलं ते डोक्यावर. अनन्याने त्यांना भरघोस केस दिले होते. रामस्वामी खूष झाले. मग त्यांना दोन्ही हार दिसले.

"अलमेलू, हे बघ. ऐंशी पुरी झाली की मला तुझ्याशी परत लग्न करावं लागणारच आहे. सदाभिषेक. यांनी पत्रिका आधीच छापली. आता तेवढं तरी जगावं लागेल."

मामींनी कार्ड त्यांच्या हातातून काढून घेतलं, देवघरापाशी नेलं, विचार बदलला, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर उभं करून ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. मग आतून मुरुक्कूचा डबा आणला.

रामस्वामी पत्र उघडत असताना अनंतराव दारातच उभे होते. घरी परतल्यावर त्यांनी बायकोला तो चेहरा कसा होता ते सांगायला सुरुवात केली, आणि जेवण होईपर्यंत सांगत राहिले. मग झोपले. साडेनऊला.

बुधवारी पहाटे निळ्या बादलीतली पायपुसणी आणि झाडू जळाला. यंदा इकडची भोगी आणि नाशिकची संक्रांत एकाच दिवशी आली होती, म्हणून त्याच संध्याकाळी अवनीची संक्रांत. ती तिळगुळाची वाटी घेऊन समोर गेली. मागायचं काही नव्हतं, फक्त माफी मागायची होती. वाक्य पाठ करून आली होती.

"तिळगूळ घ्या, गोड बोला. काकू, त्या दिवशी..."

"दोन फेब्रुवारी की तीन?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुझं ऑफिस. अनन्या दोन म्हणते. लेकरू आहे, तारीख चुकेल म्हणून विचारते."

अवनीने वाटी टेबलावर ठेवली. "तुम्हाला... कधीपासून..."

"पहिल्या रविवारीच सांगितलं की तिने. घड्या घालता घालता. 'आई म्हणते काकूंना विचारायचं नाही, सवय लावायची.' पोरांसमोर नवऱ्याशी फोनवर बोलू नये, गे."

"मग तुम्ही काहीच कसं नाही म्हणालात?"

रत्नप्रभाबाईंनी तिळगूळ तोंडात टाकला, तो विरघळेपर्यंत अवनीला ताटकळत ठेवलं, आणि खिडकीशी असलेल्या रिकाम्या आरामखुर्चीकडे हनुवटीने दाखवलं. "मजही एक सवय मोडायची होती. तीन वर्षं मी रात्रीच्या बातम्या ऐकते आहे." त्यांनी आणखी एक वडी उचलली. "मात्र एक. मी आया नाही. पोरांस सांभाळणार नाही. साडेतीन ते साडेसहा आमचे हे सांभाळणार. तो दंड आहे. हूं म्हणाल्याचा."

आतून अनंतरावांचा आवाज आला, "मला कोणी विचारलं का?"

"विचारलं की," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "तुम्ही हूं म्हणाला."

दोन फेब्रुवारीला सोमवार होता. अवनी गिंडीला गेली. साडेतीनला शाळेची बस आली तेव्हा फाटकाशी अनंतराव उभे होते, पायात बूट, खिशात कात्री.

आता हिशेब बघितला तर असा: अवनीला पंधरा तास मिळाले, रत्नप्रभाबाईंना रात्रीची झोप, रामस्वामींना केस, अलमेलूमामींना टीव्हीवर नवऱ्याशेजारची जागा, आणि उदयसिंहाला कमीत कमी पाव किलो हलवा. हे सगळं ज्या एका खात्यातून गेलं, त्या खात्यावर रोज दोन ते पाच अशी तीन वर्षं साठवलेली झोप होती. ती पूर्ण संपली. भरणा अनंतरावांचा, आणि गेले काही दिवस ते दुपारी तीनलाच फाटकाशी जाऊन उभे राहतात, म्हणजे रोज अर्धा तास वरचा.